छंदाच्या रकान्यात नखुले लिहा

मागच्या आठवड्यात एका मुलीचा बायोडाटा माझ्याकडं आला. लग्नसराई तोंडावर आहे आणि गल्लीतल्या कुठल्याही मुलीचा कागद शुद्धलेखन बघायला माझ्याच दारात येतो. जन्मतारीख, उंची, रास, नाडी, मामाचं कूळ, शेती किती, सगळं नीट भरलेलं. एकच रकाना कोरा होता. छंद.

"हे का गं सोडलंस?"

"ताई, मला कुठं काय छंद आहे?"

तिच्या उजव्या अंगठ्याच्या नखाला कणीक वाळून चिकटलेली होती. सकाळपासून आईबरोबर बसून सूपभर नखुले करून पोरगी माझ्याकडं आली होती, आणि मला सांगत होती की तिला छंद नाही.

मला राग आला. तिचा कशाला येईल! ज्यांनी तिला हे शिकवलं त्यांचा आला. गिटार हा छंद. पोहणं छंद. डोंगर चढायला जाणं छंद. ज्याला क्लास लागतो, फी लागते, महागडे बूट लागतात, तो छंद. आणि आईच्या मांडीला मांडी लावून जे शिकलं ते घरकाम. ही समजूत धडधडीत खोटी आहे. आज तिच्याशीच दोन हात करायचे आहेत.

शिवरात्र झाली की थंडी 'शिव शिव' म्हणत जाते, असं आपल्याकडं म्हणतात. बीड जिल्ह्यात ती जाते म्हणजे अक्षरशः उठून जाते. आठ दिवसांपूर्वी पहाटे पाय पोटाशी घेऊन झोपणारी माणसं दुपारी सावली शोधायला लागतात. बालाघाटाच्या उतारावर पळस पेटतो. हुरड्याच्या आगट्या विझून गेलेल्या असतात, शाळू काढणीला येतो, आंब्याच्या मोहराचा वास अंगणापर्यंत पोचतो. आणि घराघरातून वाकळा बाहेर निघतात.

वाकळ म्हणजे तुमची गोधडी. आमच्या धारूरकडच्या माहेरी गोधडी म्हटलं तर लोक समजून घेतात, पण बोलायचा शब्द वाकळच. थंडीभर अंगावर घेतलेली वाकळ धुणं हा दिवसभराचा कार्यक्रम असतो. कोरडी वाकळ एकटी बाई खांद्यावर टाकून नेते. भिजली की तिला दोघी लागतात. आई आणि काकू दगडावर वाकळ टाकून पायानं तुडवायच्या, मग दोन टोकं धरून समोरासमोर उभ्या राहायच्या आणि उलट्या दिशेनं पीळ द्यायच्या. पिळाच्या मधोमध पाण्याची धार लागायची. थंडीभराचा धूर, तेल, लेकरांचं सगळं त्या धारेत वाहून जायचं. २०१६ ला हे झालं नाही. त्या उन्हाळ्यात केज तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. माझ्या माहेरी त्या वर्षी वाकळा नुसत्या माळवदावर उन्हात टाकल्या आणि झटकून घडी केल्या. प्यायला पाणी नाही हे दुःख सगळ्या देशानं पाहिलं. धुवायला पाणी नाही म्हणून गप्प झालेली माझी आई फक्त घरच्यांनी पाहिली.

आणि नवी वाकळ शिवायला घ्यायची तीही याच दिवसांत. शहरातल्या माणसाला हे उलटं वाटेल. थंडी संपल्यावर कशाला पांघरूण शिवायचं? थंडी आल्यावर शिवायला बसलं तर थंडी वाट बघत थांबते होय! दिवस मोठा होतो, दुपारी ओसरीवर सावली असते, धुतलेली जुनी लुगडी-धोतरं खडखडीत वाळलेली असतात. शिवाय पोरगी सासरी जायची असेल तर तिच्याबरोबर वाकळ द्यायची असते.

आईची पद्धत सांगते. खाली आजीचं नऊवार लुगडं, त्यावर आजोबांचं धोतर, त्यावर सदऱ्यांचे, परकरांचे, शाळेच्या गणवेशाचे तुकडे, वर पुन्हा लुगडं. चारी कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा, पितळी तांब्या, हाताला येईल ते वजन. मग कडेनं धावदोरा. चौकोन पुरा झाला की त्याच्या आत बोटभर जागा सोडून दुसरा, त्याच्या आत तिसरा. असं आत आत जात शेवटचा टाका मधोमध यायचा. ओळ वाकडी गेली तर आई उसवायची नाही. पुढच्या तीन ओळींत थोडं थोडं सरकवून सरळ करून घ्यायची. मी आजही कुठलीही वाकळ हातात घेतली की आईची कुठली आणि काकूची कुठली हे अंधारात बोटांनी सांगू शकते. काकूचा टाका तांदळाएवढा, आईचा ज्वारीएवढा.

यात काम किती आणि छंद किती? वाकळीची ऊब दोन थरांत आली असती. तिसऱ्या थरात निळ्या तुकड्याशेजारी पिवळाच तुकडा का, तांबडा का नाही, यावर आई आणि काकूचं जे तासभर चालायचं त्याची गरज थंडीला नव्हती. ती त्यांना होती. गरज संपल्यावरही हात थांबत नाहीत, जिवाला बरं वाटतं म्हणून चालत राहतात, ते जिथून सुरू होतं त्यालाच मी छंद म्हणते.

पुण्यात एका प्रदर्शनात मी अशीच एक गोधडी बघितली. किंमत काही हजारांत. सोबतच्या कार्डावर कापड कुठलं, रंग कुठला, धुवायची कशी, सगळं छापलेलं होतं. शिवली कुणी, ते नव्हतं. चित्राखाली चितारणाऱ्याचं नाव घालतात. वाकळीखाली का नको?

पांघरायच्या कापडाचं मोल या जिल्ह्याला कुणी नव्यानं शिकवायला नको. अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांची पासोडी आहे. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५. पासोडी म्हणजे थंडीत अंगावर घ्यायचं जाडंभरडं कापड, आणि त्यांनी 'पंचीकरण' लिहिलं ते अशा पासोडीवर. शेकडो वर्षांपूर्वीचं ते कापड आजही जपलेलं आहे. अक्षरं लिहिलेली पासोडी आपण वारसा म्हणून दाखवतो. टाक्यांनी भरलेली वाकळ मात्र फाटली की ट्रॅक्टरच्या सीटवर जाते.

आता नखुल्यांकडं येते, कारण भांडण तिथून सुरू झालंय.

फाल्गुन लागला की मराठवाड्यातल्या बायका वळवट करायला बसतात. कुरडया, पापड, खारोड्या, शेवया सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहेत. वळवट त्याहून नाजूक. सपीट घट्ट मळून ओल्या फडक्याखाली झाकतात. मग चिमटीत जेमतेम धरता येईल एवढा गोळा घेऊन, दोन बोटांत वळून, दोन्ही टोकं निमुळती केली की झाला गव्हला, गव्हाच्या दाण्याएवढा. तोच कण अंगठ्याच्या नखानं दाबून किंचित ओढला की स्वतःभोवती वळतो आणि करंगळीच्या नखासारखा दिसतो. तो नखुला. कोऱ्या फणीवर दाबला की दातांच्या रेघा उमटून फणुला. काडीवर गुंडाळला की सरगुंडा. सगळं सुपात पांढऱ्या फडक्यावर पसरून वाळवायचं. लग्नात रुखवतावर मांडायचं, सणाला दूध-गूळ घालून खीर करायची.

मी मागच्या रविवारी घड्याळ लावून बसले. त्या मुलीच्या आईला, म्हणजे मावशींना, एक नखुला करायला दोन सेकंदही लागत नव्हते. मला सहा लागत होते आणि माझे निम्मे चपटे. मावशींनी माझे चपटे नखुले गुपचूप वेगळ्या वाटीत काढले.

"मावशी, खीर करायला शेवया आहेत की. हे इतकं बारीक कशाला?"

"आगं, शेवया पोट भरायला. हे बघायला."

बघायला! या एका शब्दात सगळं आलं. पुस्तकात कलेच्या व्याख्या पानपानभर असतात. मावशींना एक शब्द पुरला, आणि तो बोलताना त्यांचा अंगठा थांबला नाही.

पुरुषांचंही तेच. सालभर हाताशी असलेल्या दोरावर कुणी समाधान मानत नाही. दुपारी लिंबाखाली बसून म्हातारे दावी वळतात, बैलांच्या मुसक्या विणतात. आमच्या वाड्यातले एक आजोबा दरवर्षी नवी गोफण विणायचे आणि तिच्या शेवटाला रंगीत लोकरीचे गोंडे लावायचे. पाखरं गोंड्याला भीत नाहीत. गोंडा आजोबांना हवा असायचा. तांड्यावर जा, बंजारा बायकांचा काशिदा बघा, आरशाभोवतीचे टाके मोजा. आणि मग मला सांगा की खेड्यातल्या माणसाला छंदाला वेळ नसतो.

पण एक गोष्ट खरी आहे, आणि ती सांगितल्याशिवाय या जिल्ह्यात बसून हे सदर लिहिणं बरोबर नाही. छंदाला एक जागा लागते. ओसरी लागते, सूप ठेवायला कोपरा लागतो, काल अर्धवट टाकलेलं आज तिथंच सापडावं लागतं. बीड जिल्ह्यातल्या लाखो माणसांना हीच गोष्ट वर्षातले पाच-सहा महिने मिळत नाही. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, पलीकडं कर्नाटक. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली, म्हणजे अंग मोडून आलं तरी फडात जायचं. खाडा पडला की पैसे कापले. पहाटे तोडायचं, मोळ्या बांधायच्या, रात्री-अपरात्री गाडी आली की डोक्यावरून भरायच्या. राहायला कोपी, तीही फडाबरोबर हलणार.

तिथं नखुले कुठं वाळवायचे?

२०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं बीडचे आकडे आले. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. जिथं बाईला पाळीतही बसायची सवलत नाही, तिथं सुई-दोरा घेऊन बसायचं तिनं मनात तरी कसं आणावं? या बायकांना आपण योजना देतो, कार्ड देतो, द्यायलाच हव्यात. त्यांची ओसरीवरची एक मोकळी दुपारही गेलेली आहे. ती कुठल्याच अर्जात मागता येत नाही.

म्हणून आमच्याकडं वसंत कोकिळेच्या आवाजानं येत नाही. साखर कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, की येतो. होळी-पाडव्याच्या सुमारास एखाद्या पहाटे ट्रॅक्टर गल्लीच्या तोंडाशी थांबतो आणि बंद घरांची कुलपं निघतात. धुळवडीला कॅमेरे केज तालुक्यातल्या विडा गावाला जातात, जावयाची गाढवावरची मिरवणूक टिपायला. जाऊ द्या, गावाची जुनी हौस आहे ती, जावयाला शेवटी मानाचा आहेरही मिळतो. माझं म्हणणं एवढंच, की येता-जाता एखादा कॅमेरा उघडलेल्या कुलपाशीही थांबावा. झाडलेलं अंगण, लिंबाखाली टाकलेली बाज, सहा महिन्यांनी पुन्हा सारवलेली चूल. घर लागण्याची ही दोन-तीन दिवसांची धांदल मला तरी कुठल्याही मिरवणुकीपेक्षा मोठी वाटते.

त्या बायोडाटाचं काय झालं ते सांगते. मी पेन घेतलं आणि कोऱ्या रकान्यात लिहिलं: वळवट करणे, वाकळ शिवणे. मुलगी हसून लाजली. तिची आई मात्र गंभीर झाली.

"ताई, हे लिहायचं असतंय का? पाव्हणे म्हणतील, हे तर समद्याच करतात."

"करतात ना? मग समद्याच लिहू देत."

मावशींनी कागद हातात घेऊन ती ओळ वाचली. दोनदा वाचली. मग पोरीला म्हणाल्या, "फणुलं बी लिही. फणुलं तुला माझ्यापेक्षा चांगलं जमतंय." ओळीत जागा नव्हती, तर तिनं समासात बारीक अक्षरात लिहिलं.

शाळेतल्या बाईंनो, गुरुजींनो, पुढच्या वेळी वर्गात 'माझा आवडता छंद' हा निबंध द्याल तेव्हा फळ्यावर उदाहरणं लिहिताना तिकिटं गोळा करण्याच्या आधी वाकळ लिहा. पोरांची पेनं लगेच चालू लागतील. सांगायला त्यांच्याकडं पुष्कळ आहे.

आमच्या शेजारचं एक घर परवा उघडलं. यंदा ते लवकर आले. दुसऱ्या दिवशी दुपारी घरातल्या वहिनींनी पत्र्याची पेटी ओसरीवर ओढली आणि तळातून घडी काढली. दिवाळीआधी अर्धी शिवून ठेवलेली वाकळ. कडेचे सहा-सात चौकोन झालेले, आतला भाग नुसता टाचलेला. सुई जिथं थांबवली होती तिथंच टोचलेली होती, दोऱ्यासकट. ती गंजून कापडाला चिकटली होती. ओढून काढली तर खाली तांबूस डाग राहिला.

वहिनींनी डाग अंगठ्यानं घासून बघितला. निघाला नाही. मग भिंतीवरून मला हाक मारली.

"ताई, एखादी जाड सुई आहे का वो?"