खुर्ची विमानतळापुरती

अमेरिकेत मुलगा असलेल्या मराठी माणसाचे गुडघे मुंबईच्या विमानतळावर दुखायला लागतात आणि मुलाच्या गाडीत बसलं की थांबतात. आमच्या सोसायटीतले काका घ्या. असे काका प्रत्येक सोसायटीत असतात: बँकेतून निवृत्त, टेकडीवरचे फोटो रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणारे, फोटो कुठल्या वर्षीचे ते न सांगणारे. तिकीट काढतानाच ते दोन व्हीलचेअर सांगून ठेवतात. खुर्चीमागे एक माणूस असतो, त्याला गेट माहीत असतं, रांग कुठून चुकवायची ते माहीत असतं आणि इमिग्रेशनच्या साहेबासमोर तो आपल्याला अगदी बरोबर नेऊन ठेवतो. विमान मध्ये कुठे बदलायचं असेल तर ही खुर्ची म्हणजे साक्षात गरुड. लाज? कसली लाज? तिथे ओळखीचं कोण असतं!

हेच काका मागच्या उन्हाळ्यात मुलासोबत फ्लोरिडाला डिस्ने वर्ल्डमध्ये गेले, आणि तिथे त्यांना स्वाभिमान आठवला.

वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १९७१ साली ऑर्लँडोजवळ सुरू झालं. आवार साधारण १०० चौरस किलोमीटरचं, त्यात चार मोठी उद्यानं. त्यांपैकी मॅजिक किंगडमच्या मोठ्या वाहनतळावर गाडी लावली की उद्यान आलं असं नव्हे. तिथून मोनोरेल किंवा बोट पकडायची, मग उद्यान. एपकॉट या दुसऱ्या उद्यानात एका तळ्याभोवती अकरा देश मांडलेले आहेत आणि तळ्याची प्रदक्षिणा सुमारे दोन किलोमीटरची. त्या अकरांत भारत नाही. राष्ट्राभिमान दुखावला तरी एक देश कमी चालावा लागतो, हे काकांनीही मान्य केलं. दिवसभरात दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं, तेही फ्लोरिडाच्या उन्हात. त्यामुळे घरी मंडई एकटे करून येणारे कित्येक लोक तिथे बसून फिरायची बॅटरीवरची स्कूटर भाड्याने घेतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. निदान अमेरिकनांना.

मुलाने स्कूटरचं नाव काढताच काका ताठ झाले. "मी काय लुळापांगळा आहे?" हे वाक्य त्यांनी कठड्याला धरून म्हटलं.

काकूंनी वाद घातला नाही. त्यांनी स्वतःसाठी स्कूटर घेतली, पुढच्या टोपलीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली आणि त्या सिंड्रेलाच्या किल्ल्याच्या दिशेने निघून गेल्या. काका एका बाकावर बसले. मग दुसऱ्या बाकावर. मग त्यांना कुणीतरी सांगितलं, की स्कूटर असली की रांग लागत नाही. काका उठले. स्वाभिमानाचा भाव काय असतो ते आपल्याला कळावं म्हणून हे सांगतो.

स्कूटर चालवायला सोपी. अंगठ्याने खटका दाबला की चालते, सोडला की थांबते आणि मागे घेताना पीं-पीं करते. वेग माणसाच्या चालण्याइतका. पण ज्याने स्वारगेटच्या चौकातून बजाज चेतक काढलेली आहे त्याला सिग्नल नसलेल्या रस्त्यावर फार मोकळं वाटतं. पहिल्या तासात काकांनी दोन टाचा आणि एक बाबागाडी यांच्याशी परिचय करून घेतला. नातवाला मांडीवर घ्यायला गेले तर कर्मचारी धावत आली: स्कूटरवर एकच माणूस. ट्रिपल सीटवर पोसलेल्या पिढीला हा घाव मोठा होता.

त्याहून मोठा घाव रांगेत बसला. बहुतेक राइड्सच्या रांगाच रुंद, उतार काढून बांधलेल्या. १९९०च्या कायद्याने अमेरिकेत अशा जागा सगळ्यांना वापरता येतील अशा ठेवाव्या लागतात. म्हणजे स्कूटरवाला सगळ्यांच्या मागे, सगळ्यांबरोबर आणि तितकाच वेळ. फरक एवढाच, की तो बसलेला असतो. काही जुन्या राइड्सना वेगळं दार आहे, पण तिथेही 'अमुक वाजता या' असं सांगून परत पाठवतात. समानतेचा असा शब्दशः अर्थ कुणी घेतलेला काकांनी आयुष्यात पाहिला नव्हता. "मग उपयोग काय याचा?" ते म्हणाले. गुडघे दुखत नव्हते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

अर्थात त्यांचा गैरसमज अगदीच निराधार नव्हता. एके काळी खुर्चीवाल्यांना पुढे सोडण्याची सवलत बरीच सैल होती. २०१३ साली न्यूयॉर्क पोस्टने बातमी दिली, की मॅनहॅटनच्या श्रीमंत आया दिव्यांग व्यक्तीला तासाला १३० डॉलर देऊन 'आमच्या कुटुंबातली' म्हणून सोबत नेतात आणि रांग चुकवतात. मोठा गहजब झाला. त्याच वर्षी डिस्नेने जुनं सवलतीचं कार्ड बंद करून नवी पद्धत आणली. २०२४ मध्ये तीही आणखी आवळली, आणि आपल्याला रांगेत उभं का राहवत नाही हे पटवून देता देता कित्येक खरे गरजू घामाघूम झाले. त्याच साली डिस्नेने एक नवा पासही काढला. मॅजिक किंगडममध्ये माणशी ४४९ डॉलरपर्यंत मोजा, म्हणजे तेव्हाच्या दराने ३७-३८ हजार रुपये, आणि ठरावीक राइड्सची रांग एकेकदा खुशाल टाळा. दुखणं विचारत नाहीत, क्रेडिट कार्ड चालतंय ना एवढंच बघतात. लबाडी वाईट असते ती पैसे दुसऱ्याच्या खिशात जातात तोवर. तिरुपतीचं ३०० रुपयांचं दर्शन घेणाऱ्या आपल्या लोकांना यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. फक्त आकडा ऐकून 'गोविंदा' म्हणावंसं वाटतं.

रांगेत आणखी एक गंमत असते. एखादी बाई स्कूटरवरून उठून चार पावलं चालत राइडमध्ये बसली, की मागच्या सगळ्यांना एकाच वेळी हाडांच्या डॉक्टरची पदवी मिळते. "बघा, चालता येतंय की!" संधिवात, हृदयविकार, मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्याला चार पावलं येतात, चार किलोमीटर येत नाहीत, हा हिशेब त्या पदवीच्या अभ्यासक्रमात नसतो. शिवाय बऱ्याच राइड्समध्ये स्कूटर बाहेर ठेवूनच बसावं लागतं. मग ती बाई उठणार नाही तर काय उडणार? खुर्चीसकट चढता येईल अशी बोटही काही राइड्सना आहे. पण खुर्चीत बसलेल्याने दिवसभर न हलता दुःखी दिसावं, ही प्रेक्षकांची अपेक्षा ती बोट कशी पुरी करणार?

दुपारी मात्र खराच चमत्कार झाला. समोरून एकसारख्या टोप्या घातलेला मराठी सहलीचा घोळका आला, पुढे झेंडा धरलेला टूर मॅनेजर आणि मागून "अहो, तो मिकी कुठंय?" अशी हाक. काका स्कूटरवरून टुणकन उतरले, तिला हात लावून बाजूला उभे राहिले आणि कुणी विचारायच्या आत म्हणाले, "मिसेसची आहे." मिसेस तेवढ्यात आपली स्कूटर घेऊन मागून आल्या. घोळक्यातल्या एका आजोबांनी आवाज खाली आणून विचारलं, "ही कुठे मिळते हो?" काकांनी बोटाने दिशा दाखवली. आजोबांनी आधी आपल्या लोकांकडे पाहिलं, मग टोपी काढून खिशात घातली आणि त्या दिशेने सटकले.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीची वार्षिक सभा पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये झाली. लिफ्ट त्या दिवशीही दुरुस्तीला होती. एका तरुण सभासदाने फाटकाशी रॅम्प बांधण्याचा ठराव मांडला आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं नाव घेतलं. चिटणीस म्हणाले, कायदे बरेच आहेत, पण रॅम्प केला तर दोन अ‍ॅक्टिवांची जागा जाते. तेवढ्यात दाराशी काका उगवले. जिना चढून आल्यामुळे त्यांना बोलायला जरा वेळ लागला. कठडा न सोडता त्यांनी हात वर केला.

"माझा विरोध नोंदवा," ते म्हणाले. "आपल्या सोसायटीत रॅम्प लागतो कुणाला?"