घसरगुंडी : नियम व अटी लागू

गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत कुठल्याही नव्या गृहप्रकल्पाचं पत्रक उघडा. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर घसरगुंडी असतेच. लाल रंगाची, पिवळ्या कठड्याची, आणि तिच्यावरून घसरणारं मूल सोनेरी केसांचं. खाली त्याला झेलायला वडील पांढराशुभ्र स्वेटर घालून उभे. निफाडचा पारा कितीही उतरो, संध्याकाळी पाच वाजता स्वेटर घालून पोराला झेलायला मोकळा असलेला नाशिककर बाप मी तरी पाहिलेला नाही. तो त्या वेळी अंबडला सेकंड शिफ्टला असतो, नाहीतर द्वारका चौकात अडकलेला असतो. पण पत्रकात आहे म्हणजे ताबा घेताना मिळत असेल. शेजारी आई आहे, आजी-आजोबा आहेत, एक केसाळ कुत्राही आहे. पुढे लिफ्ट आपल्याला वर्ज्य होणार आहे, याची त्या कुत्र्याला कल्पना नाही. या सगळ्या मंडळींच्या डोक्यावर ठळक टायपात छापलेलं असतं, ‘फॅमिलीसाठी आदर्श परिसर’.

परिसर आदर्श कशावरून, असं एजंटला विचारून बघा. ‘सर, टोटल फॅमिली एरिया आहे,’ म्हणत तो बोट ठेवतो ते घसरगुंडीवर. शाळा? पाच मिनिटांवर. (रात्री दोन वाजता, मोटारसायकलवरून.) दवाखाना? ‘होतोय.’ पाणी? ‘टँकरवाला फिक्स आहे, टेन्शन नाही.’ शिवाय २०२७च्या कुंभमेळ्याच्या आत बुकिंग करून टाका, नंतर भाव हाताला लागायचा नाही, हेही तो सांगतो. २०१५च्या कुंभाआधीही तो हेच सांगत होता.

आमच्या आजोबांच्या पिढीला घर घेताना इतकं डोकं लागत नसे. चौकशी एकच. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की आपल्या उंबऱ्याला लागतं का? लागत असेल तर घर नको, किंवा घर हवं पण धान्याची कोठी माडीवर. एवढ्यावर व्यवहार व्हायचा. आता सरकारने नकाशावर रेषाच आखून दिल्यात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करता येत नाही, बाग मात्र करता येते. त्यामुळे गोदाकाठच्या ‘रिव्हर व्ह्यू’ प्रकल्पात बिल्डर फार विचारपूर्वक वागतो. विकायचे फ्लॅट रेषेच्या बाहेर आणि घसरगुंडी रेषेच्या आत. सिमेंटला जिथे धोका आहे तिथे मुलं ठेवावीत, असं हे नियोजन. २००८च्या सप्टेंबरातला पूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी ती घसरगुंडी उतरते कुठे, हे एकदा काठावर उभं राहून बघावं.

नदी नसेल तिथे घसरगुंडी सापडणं कठीण. तरी हमखास ठिकाणं सांगून ठेवतो. इमारत आणि कंपाउंड यांच्यामधला, सूर्याला अपरिचित असा बोळ पाहावा. तिथे नसेल तर ट्रान्सफॉर्मरच्या जाळीशेजारी. तिथेही नसेल तर ओल्या कचऱ्याच्या खड्ड्याकडे चालू लागावं, वास वाढत जाईल तशी घसरगुंडी जवळ येते. नियमाप्रमाणे ०.४० हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर ले-आउट पाडला, तर दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. इतक्या जमिनी नेमक्या एकोणचाळीस आरच्या का निघतात, हे बहुधा गोदावरीच्या गाळाचं वैशिष्ट्य असावं. जिथे दहा टक्के सुटली, तिथलंही चित्र पाहून घ्या. जुन्या कॉलन्यांमधल्या ‘ओपन स्पेस’वर आधी एक मंदिर उगवतं. मंदिराला ऊन लागतं म्हणून पुढे सभामंडप. सभामंडप मोकळा दिसतो म्हणून कुणाच्या तरी निधीतून ग्रीन जिम, आणि त्या जिमच्या वजनापेक्षा निधी देणाऱ्याच्या नावाची पाटी जड. मग ज्येष्ठांचा कट्टा. मग कट्ट्यावरच्या ज्येष्ठांना त्रास होतो म्हणून ‘येथे क्रिकेट खेळू नये’. मुलांसाठी सोडलेल्या जागेत आता सगळ्यांची सोय झाली आहे. मुलं तेवढी बाहेर रस्त्यावर, रिक्षा आली की स्टंप उचलून कडेला होतात.

पण माझा विषय घसरगुंडी आहे, आणि घसरगुंडीचा विषय म्हणजे तिच्या शेजारची पाटी. फ्लॅट बघायला जाल तेव्हा बाथरूमच्या टाइल्स ठोकून बघू नका, ही पाटी वाचा. अशा पाट्या मी बऱ्याच वाचल्यात. मजकूर थोड्याफार फरकाने सारखाच. घसरगुंडी फक्त सभासदांच्या मुलांसाठी आहे. वेळ सायंकाळी ५ ते ६.३०. दहा वर्षांवरील मुलांनी बसू नये. पाच वर्षांखालील मुलांनी पालकांशिवाय बसू नये. पालकांनी बसू नये. चेंडू आणू नये. आरडाओरडा करू नये. इजा झाल्यास कमिटी जबाबदार राहणार नाही. यातलं ‘आरडाओरडा करू नये’ मला फार आवडतं. उंचावरून सुटलेल्या चार वर्षांच्या पोराने तोंड मिटून, शेजारच्या काकांच्या वामकुक्षीचा मान राखत, अंत्ययात्रेला आल्याच्या गांभीर्याने खाली यायचं. पोचल्यावर उठायचं, मागची धूळ झटकायची आणि रजिस्टरमध्ये सही करून पुन्हा रांगेत लागायचं. वेळही विचार करूनच ठरवलेली. स्कूलबस गेटवर येते पावणेसहाला, अबॅकसचा क्लास सुरू होतो सहाला. म्हणजे घसरगुंडी उघडी असते तेव्हा मूल नसतं, आणि मूल असतं तेव्हा घसरगुंडी बंद. एप्रिल-मे महिन्यांत तर प्रश्नच मिटतो, कारण पश्चिमेच्या उन्हाने ती इतकी तापते की साडेसहापर्यंत तिच्यावर मूल ठेवता येत नाही. कुरडया मात्र ठेवता येतात. दुपारी अकरा ते चार, मुलांना बंदी असलेल्या वेळात, तिच्यावर स्वच्छ प्लास्टिकचा कागद अंथरून, दोन्ही कठड्यांना चिमटे लावून दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी कुरडया घालतात. अनुभवाचे बोल म्हणून सांगतो, उतारावर कुरडई टिकते, चकत्या टिकतात. सांडगे घरंगळतात, ते वरच्या चौकोनी फळीवर घालावेत. गव्हाचा चीक पूर्वी गच्चीवर जायचा, पण गच्चीचा ताबा आता मोबाइल टॉवरकडे आहे, त्याचं भाडं येतं. एका सुट्टीत एक पोरगं नियम मोडून साडेतीनला वर चढलं आणि कुरडयांसकट खाली आलं. त्याच्या आईवडिलांना कमिटीची नोटीस गेली. ‘सामाईक सुविधेचा गैरवापर’ असं तिच्यात लिहिलं होतं. कुरडयांच्या बाजूने.

२०१६च्या रेरा कायद्याने बिल्डरला चटई क्षेत्र काटेकोर सांगायला लावलं, हे चांगलंच झालं. दहा चौरस फूट कमी भरले तर लोक वकील गाठतात. पण पत्रकातल्या घसरगुंडीवर दिवसाकाठी किती मुलं घसरली पाहिजेत, हे करारात लिहून घेणारा ग्राहक अजून जन्माला यायचाय.

आता तुम्ही म्हणाल, पाटी चालेल, परिसर चांगला आहे, आम्ही राहतो. जरा थांबा. तुम्ही फॅमिली आहात, हे आधी सिद्ध व्हायचंय. सेक्रेटरी काका तुम्हाला चहा देतील आणि आडनाव विचारतील. आडनावावरून उलगडा झाला नाही तर ‘मूळचे कुठले?’ तरीही नाही झाला तर ‘तुमच्यात देवीचं नवरात्र कसं असतं?’ मग फोडणीच्या वासाचा विषय हळूच निघेल. ‘आमचं काही नाही हो, खाली जोशीकाकूंना चालत नाही.’ नवरा-बायको-दोन मुलं आणि आहार निरुपद्रवी असेल तर तुम्ही फॅमिली. नोकरी करणारी बाई आणि तिची सातवीतली मुलगी, ही फॅमिली नव्हे. ‘मिस्टर कुठे असतात?’ या प्रश्नाला तिच्याकडे सेक्रेटरी काकांचं समाधान होईल असं उत्तर नसतं. दोघी बहिणी आणि त्यांची म्हातारी आई, हीही नव्हे. भाऊ-भाऊ शिकायला एकत्र राहतायत? ते तर बॅचलर, म्हणजे गुन्हेगारीची पहिली पायरी. आणि यातूनही तुम्ही भाडेकरू म्हणून आत शिरलातच, तर मालकाला नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लागतात, तो ते तुमच्याकडून काढतो. तुम्ही चौघं त्या घरात जेवता, झोपता, भांडता, कपडे वाळत घालता, पण सोसायटीच्या हिशेबात ते घर ‘सभासद राहत नसलेलं’. सरकारने २००१ मध्ये या वसुलीला सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली, नाहीतर न राहण्याचा दर राहण्याच्या वर गेला असता. आणि भाडेकरूचं मूल? पाटी पुन्हा वाचा. ‘फक्त सभासदांच्या मुलांसाठी.’

या सगळ्या चाळणीतून विनासायास पार होणारा एकच जीव आहे, बिबट्या. गंगापूर रोडच्या अंगाला तो अधूनमधून येतो, सीसीटीव्हीत दिसतो, क्लिप ग्रुपवर फिरते. रात्री अडीचला कंपाउंडवरून उडी मारून आत. त्याला कुणी आडनाव विचारत नाही. आहार तर विचारायचं धाडसच नाही. वेळ पाच ते साडेसहा आहे, हे त्याला सांगायला कुणी खाली उतरत नाही. दुसऱ्या दिवशी एजंट तीच क्लिप दाखवून ‘निसर्गाच्या कुशीत’ म्हणून फ्लॅट विकतो.

आणि एक फॅमिली आपल्याला हवीच असते. प्रत्येक सोसायटीची जाहिरात असते : ‘वॉचमन पाहिजे. फॅमिलीवाला.’ एकटा माणूस चालत नाही. का चालत नाही? कारण फॅमिलीवाला ठेवला की पगार एक आणि माणसं दोन. तो गेट बघतो, त्याची बायको जिने झाडते, चार घरची धुणीभांडी करते, कुणाकडे पाहुणे आले की रात्री साडेदहाला हाक मारली तरी येते. या फॅमिलीला राहायला जिन्याखाली, पंपाच्या शेजारी एक खोली. पहाटे पाचला मोटर सुरू झाली की भिंत थरथरते. ती खोली कुठल्याही पत्रकात छापलेली मी पाहिलेली नाही. त्यांना दोन पोरं असतात. शाळेतून येतात, पायरीवर बसून गृहपाठ करतात आणि समोर दहा फुटांवर ती लाल घसरगुंडी रिकामी उभी असते. बसायचं नाही. एकदा बसली, तर तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला, ‘ए, उतर खाली!’ लाज वाटत नाही? ज्या माणसाला बायकापोरं आहेत म्हणूनच तुम्ही कामावर ठेवलंत, त्याचीच पोरं खेळताना दिसली की तुमच्या परिसराचा दर्जा उतरतो? प्लास्टिकच्या चार फुटांवरून एक पोरगी घसरली तर काय झिजतं तिथलं? तिची आई तुमच्या मुलाचे डबे घासते तेव्हा ‘फक्त सभासदांच्या भांड्यांसाठी’ अशी पाटी ती लावत नाही. फॅमिली एरिया म्हणे! पोरांना हाकलणारी वस्ती आहे ती, आणि तिला चौरस फुटाला वाढीव दर देऊन आपण वर पेढे वाटतो.

असो. सभासदांच्या पोरांचीही सोय होतेच आहे. शहराच्या कडेला शेतं होती, तिथे आता जाळ्या ठोकून टर्फ झालेत. तासाच्या भावाने हिरवं प्लास्टिक भाड्याने मिळतं. सोसायटीत चेंडू मारला तर तो उपद्रव, टर्फवर पैसे भरून मारला तर ते करिअर.

परवा एका सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त वाचायला मिळालं. विषय सातवा : वापर होत नसल्याने घसरगुंडी काढून तिथे दोन चारचाकींचं पार्किंग करणे. सूचक आहेत, अनुमोदक आहेत, ठराव एकमताने मंजूर. कुरडयांचा मुद्दा एका भगिनींनी मांडला, तो पुढील सभेकडे वर्ग. विषय आठवा : सोसायटीतील मुलं सतत मोबाइलमध्ये असतात, मैदानी खेळ संपत चालले आहेत, याबद्दल सभागृहाने तीव्र चिंता व्यक्त केली. त्यावर उपाय म्हणून येत्या रविवारी सायंकाळी पाच वाजता क्लब हाउसमध्ये बालमानसतज्ज्ञांचं व्याख्यान ठेवलं आहे, नंतर अल्पोपाहार. खाली टीप आहे : व्याख्यानात व्यत्यय येऊ नये म्हणून लहान मुलांना सोबत आणू नये. त्यांना घरीच मोबाइल देऊन बसवावे.