चौथ्या वर्षाचा रनिंग बॅक कसे व्हावे

अभिनंदन. आपण अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या फुटबॉल संघात रनिंग बॅक आहात, वजन शंभर किलोला टेकले आहे, मांडी शिरेल अशी तयार जीन्स मिळत नाही, आणि येत्या ऑगस्टात आपले चौथे, म्हणजे शेवटचे वर्ष सुरू होईल. त्याची तयारी कशी करावी हे या मार्गदर्शिकेत सांगितले आहे. पण त्याआधी एक चौकशी करणे भाग आहे. आपण अजून इथे कसे?

चौकशी खवचट वाटेल, पण तिला आधार आहे. शाळा संपून तीन वर्षे झाल्याशिवाय एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमध्ये (खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) उतरता येत नाही. ओहायो स्टेटच्या मॉरिस क्लॅरेटने हा नियम कोर्टात नेला. २००४ साली तो खालच्या कोर्टात जिंकला आणि काही महिन्यांतच वरच्या कोर्टात हरला. तेव्हा तीन वर्षे मुकाट पळायचे आणि तिसऱ्या वर्षाचा शेवटचा सामना संपला की गाशा गुंडाळायचा, असा चांगल्या रनिंग बॅकचा शिरस्ता आहे. बॅरी सँडर्सने ओक्लाहोमा स्टेटकडून १९८८ च्या एकाच मोसमात २,६२८ यार्ड काढले, कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी घेतली आणि तिसऱ्या वर्षीच तो निघाला. त्या काळी असे लवकर जाता येत नसे. एनएफएलने त्याच्यासाठी अपवाद केला. २०२४ साली बॉइझी स्टेटचा अ‍ॅश्टन जेंटी २,६०१ यार्डांवर पोहोचला. सँडर्सचा विक्रम २७ यार्डांनी हुकला. त्याच्यासाठी २७ यार्ड म्हणजे चार धावांचे काम, पण तेवढ्यासाठी तो चौथे वर्ष थांबला नाही. पुढच्या एप्रिलात लास व्हेगास रेडर्सनी त्याला सहाव्या क्रमांकावर उचलले.

म्हणून चौथ्या वर्षी मैदानावर उरलेला रनिंग बॅक तीन प्रकारचा असतो: गुडघा दुरुस्त करून आलेला, कुणाच्या नजरेत न भरलेला, किंवा आईला पदवीचा शब्द दिलेला. आपण कुठल्या प्रकारात बसता ते ठरवा आणि पुढे वाचा. तिन्हींत बसत असाल तर सावकाश वाचा, घाई करण्यासारखे आपल्याकडे काही नाही.

खेळ (ज्यांना मुळीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी)

दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. क्वार्टरबॅक नावाचा देखणा मुलगा चेंडू हातात घेतो, क्षणभर विचार करतो आणि आपल्या पोटात खुपसतो. यापुढचे सगळे आपले. कबड्डीतल्या चढाईपटूला निदान मधल्या रेषेकडे परत येण्याची मुभा असते. इथे आपण समोरच्यांच्या अंगणात शिरायचे, तिथेच सगळ्यांनी मिळून आपल्याला झोपवायचे, आणि चाळीस सेकंदांत उठून पुन्हा तेच. एका सामन्यात वीस-पंचवीस वेळा.

अ‍ॅन आर्बरला एम.एस. करायला गेलेली मराठी मुले एखाद्या शनिवारी हौसेने मिशिगनच्या मैदानावर जातात. एक लाखाहून जास्त माणसे बसतात तिथे. पहिला तासभर मुलांचा एकच प्रश्न असतो, की घड्याळ सारखे थांबते का. त्यांना उत्तर देत बसू नका. आपल्या दृष्टीने घड्याळ थांबते तेच बरे. तेवढाच श्वास मिळतो.

चेंडू

चेंडू कसा धरावा हे आपल्याला सातव्या वर्षापासून शिकवले आहे आणि बाविसाव्या वर्षीही रोज शिकवले जाईल. टोकावर बोटे, मग तळवा, मनगटापासून कोपरापर्यंतचा हात, दंड आणि छाती: पाच ठिकाणी दाब हवा, आणि चेंडू छातीशी उंच. चार ठिकाणी असेल तर तो फंबल होईल, म्हणजे सुटून जमिनीवर लोळेल, आणि मग एक लाख माणसांना एकाच वेळी आपले नाव आठवेल. ज्याच्या हातून चेंडू सुटतो त्याला तो आठवडाभर काखेत घेऊन कॉलेजात हिंडायला लावण्याची प्रथा अनेक संघांत आहे. वर्गात, मेसमध्ये, ग्रंथालयात, कुठेही. येणाऱ्या-जाणाऱ्याने तो हिसकावायचा. मुलीला कॉफीसाठी विचारताना एक हात कायम अडकलेला असतो, हे तिला आधीच सांगून ठेवावे.

न्यूयॉर्क जायंट्सचा टिकी बार्बर ऐन भरात असताना चेंडू सांडण्यासाठी प्रसिद्ध होता. २००४ साली नव्या कोचने त्याचा हात कोपरात आणखी वर बांधल्यासारखा धरायला लावला आणि त्याची सांडलवंड एकदम कमी झाली. त्या वेळी तो व्यावसायिक खेळात सात वर्षे घालवून बसला होता. तेव्हा सरावात कंटाळा आला तर चेहऱ्यावर दाखवू नका.

वजन, डोंगर आणि ऊन

जानेवारीत पहाटेचा व्यायाम. मार्च-एप्रिलात वसंत ऋतूतले पंधरा सराव आणि शेवटी आपल्याच दोन तुकड्यांचा सामना. त्या सामन्यात आपण बहुधा टोपी घालून कडेला उभे असाल, कारण चौथ्या वर्षाचा गुडघा एप्रिलात फुकट घालवायला कोच तयार नसतो. सही मागायला आलेल्या लहान मुलांशी गोड बोला. तेही सरावातच मोजतात.

वजन किती असावे यावर प्रत्येक कोचचे मत वेगळे, पण एक उदाहरण सगळे देतात. टेक्सासचा अर्ल कॅम्बेल १९७६ साली दुखण्याने बेजार होता आणि अंगानेही सुटला होता. पुढच्या वर्षी नवा कोच फ्रेड एकर्स आला आणि त्याने कॅम्बेलला वजन उतरवायला लावले. १९७७ च्या त्या चौथ्या वर्षी कॅम्बेलने १,७४४ यार्ड काढले, देशात पहिला आला, हाइझमन जिंकला, आणि १९७८ च्या ड्राफ्टमध्ये ह्यूस्टनने त्याला सर्वांत आधी निवडले. कोच गोष्ट इथे थांबवतात. पुढचे असे, की माणसांच्या अंगावरून सरळ जाणारा हा खेळाडू आठ वर्षांत निवृत्त झाला आणि पाठीच्या कण्याने, गुडघ्यांनी त्याला आधी वॉकरवर आणि मग चाकाच्या खुर्चीवर आणले.

डोंगर हवाच. वॉल्टर पेटन मिसिसिपीत नदीकाठच्या वाळूच्या चढावर पळायचा आणि पुढे शिकागोजवळच्या एका टेकडीवर. त्याच्याबरोबर पळायला आलेले व्यावसायिक खेळाडू अर्ध्यात ओकत बसत. आपल्या गावात टेकडी नसेल, आणि मध्य-पश्चिमेत ती बहुधा नसतेच, तर स्टेडियमच्या पायऱ्या आहेत.

उन्हाबद्दल मात्र थट्टा बाजूला ठेवून लिहितो. २०१८ च्या मे महिन्यात मेरीलँड विद्यापीठाचा जॉर्डन मॅक्नेअर नावाचा एकोणीस वर्षांचा लाइनमन व्यायामातल्या धावा काढताना कोसळला आणि दोन आठवड्यांनी वारला. उष्माघात झालेल्या खेळाडूला लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवायचे असते. ते झाले नाही. विद्यापीठाने पुढे जबाबदारी कबूल केली. ऑगस्टचे शिबिर सुरू होताना पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट घालून सराव करण्याचा नियम याच भीतीपोटी आहे. चक्कर आली तर बसा. बसल्यावर जो कोच ओरडेल त्याला ओरडू द्या, आणि बर्फाचा टब कुठे ठेवला आहे ते पहिल्याच दिवशी पाहून ठेवा.

न दिसणारे काम

अनेक डावांत चेंडू आपल्याला मिळणारच नाही. क्वार्टरबॅक लांब फेकणार असतो आणि समोरचा एकशे दहा किलोचा माणूस मोकळा सुटून त्याच्यावर धावत येतो. त्याच्या वाटेत आपण उभे राहायचे. कोण कुठून येईल हे चेंडू हलण्याआधी ओळखायचे, छाती पुढे करायची आणि आदळायचे. टाळ्या क्वार्टरबॅकला. घरच्यांना फोनवर सांगावे असे यात काही नाही. पण एनएफएलचे पारखी चौथ्या वर्षाच्या रनिंग बॅकच्या चित्रफिती पाहतात त्या बऱ्याचशा याचसाठी. पळता तर सगळ्यांनाच येते.

पैसे

हे प्रकरण जुन्या मार्गदर्शिकांत एका ओळीचे असे: काहीही घेऊ नका. ऑबर्नच्या बो जॅक्सनने १९८५ साली चौथ्या वर्षी हाइझमन जिंकला. तो बेसबॉलही खेळायचा. ड्राफ्टच्या आधी टँपा बे बकनियर्सच्या मालकाने त्याला स्वतःच्या विमानाने भेटीला नेले, आणि ते विमान नियमात बसत नसल्याने त्याचा कॉलेजातला बेसबॉल तिथेच संपला. भडकलेल्या जॅक्सनने, टँपाने पहिल्या क्रमांकावर निवडूनही, त्यांच्याकडून खेळायला साफ नकार दिला. एका फुकटच्या विमानप्रवासात दोन्ही पक्ष इतके बुडाल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. यूएससीचा रेजी बुश २००५ चा हाइझमन विजेता. घरच्यांनी एजंटांकडून पैसे आणि सोयी घेतल्याच्या प्रकरणात त्याला २०१० साली ट्रॉफी सोडावी लागली.

मग १ जुलै २०२१ ला नियम बदलला आणि खेळाडूला स्वतःचे नाव, चेहरा विकण्याची परवानगी मिळाली. २०२४ साली बुशला ट्रॉफीही परत मिळाली. इतकी वर्षे ज्या गोष्टीला पाप म्हणत होते तिचे आता दरपत्रक निघाले होते. १ जुलै २०२५ पासून तर विद्यापीठे थेट पैसे वाटू शकतात, सगळ्या खेळांत मिळून पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत. शिवाय २०१८ पासून ट्रान्सफर पोर्टल आहे. नाव टाकायचे, दुसरे विद्यापीठ गाठायचे. चौथ्या वर्षापर्यंत तिसरी जर्सी अंगावर असलेला रनिंग बॅक आता नवलाईचा राहिलेला नाही. विद्यापीठाचे गीत मात्र पाठ करा. जिंकल्यावर बँडसमोर उभे राहून ते म्हणावे लागते, आणि आधीच्या कॉलेजचे तोंडात आले तर पंचाईत.

पैशांमुळे या मार्गदर्शिकेच्या पहिल्या प्रश्नाला निदान एक शहाणे उत्तर मिळाले आहे. ड्राफ्टच्या शेवटच्या फेरीत लटकण्यापेक्षा कॉलेजात आणखी एक वर्ष कमवून घेणे काहींना खरेच परवडते.

गुडघा

तरीही गुडघ्याला दर नसतो. साउथ कॅरोलायनाच्या मार्कस लॅटिमोरचा एक गुडघा २०११ साली गेला आणि दुसरा २०१२ साली, टेनेसीविरुद्ध, असा की दोन्ही संघांचे खेळाडू मैदानात त्याच्याभोवती येऊन उभे राहिले. सॅन फ्रान्सिस्कोने त्याला चौथ्या फेरीत घेतले. तो एकही सामना न खेळता २०१४ साली निवृत्त झाला. म्हणून विम्याचे कागद ऑगस्टाच्या आधी भरावेत. एजंट, चुलता आणि कोच अशा तिघांनीही ते भरल्याचे सांगितले तरी स्वतः वाचून पाहावेत.

बोल सामन्याचे, म्हणजे मोसमाअखेरच्या खास सामन्याचे, काय करायचे, हेही आधीच ठरवा. मायामीचा विलिस मगेही २००३ च्या जानेवारीत फिएस्टा बोलमध्ये, लाखो प्रेक्षकांसमोर, गुडघा फाडून बसला. २०१६ च्या डिसेंबरात ख्रिश्चन मॅकॅफ्री आणि लेनर्ड फर्नेट या दोघांनी आपापला बोल सामना खेळायला नकार दिला, तेव्हा टीव्हीवर त्यांना स्वार्थी ठरवण्यात आले. पुढच्या एप्रिलात फर्नेट चौथा आणि मॅकॅफ्री आठवा निवडला गेला. तेव्हापासून सामना न खेळणे ही रीतच झाली आहे, आणि ती योग्य आहे असे माझे मत आहे. संघनिष्ठेवर भाषण देणारे कोच त्याच आठवड्यात दुसऱ्या विद्यापीठाची नोकरी धरतात.

हाइझमन

स्वप्न पाहायला हरकत नाही. टेक्सासचा रिकी विल्यम्स १९९८ साली चौथ्या वर्षासाठी परत आला, टोनी डॉर्सेटचा कॉलेज कारकिर्दीतल्या एकूण यार्डांचा बावीस वर्षांचा विक्रम मोडला आणि हाइझमन जिंकला. न्यू ऑर्लिन्स सेंट्सचा कोच माइक डिटका त्याच्यावर इतका भाळला, की १९९९ च्या ड्राफ्टमधल्या आपल्या सगळ्या निवडी आणि पुढच्या वर्षीच्या दोन त्याने एकट्या विल्यम्ससाठी देऊन टाकल्या. नंतर एका मासिकाच्या मुखपृष्ठावर डिटका सुटाबुटात आणि विल्यम्स नवरीच्या पोशाखात असे दोघे झळकले. त्या मोसमात सेंट्स सोळांपैकी तीन सामने जिंकले आणि डिटकाला घरी पाठवण्यात आले. १९९९ साली विस्कॉन्सिनच्या रॉन डेनने चौथ्या वर्षी विल्यम्सचाही विक्रम मोडून हाइझमन घेतला. त्यानंतर चौथ्या वर्षाच्या एकाही रनिंग बॅकला तो मिळालेला नाही. न्यूयॉर्कच्या समारंभासाठी नवा सूट शिवायला टाकू नका.

शेवटचे

नोव्हेंबरात घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना असेल. त्याआधी चौथ्या वर्षाच्या मुलांना आईवडिलांसह मैदानात बोलावतात, आईच्या हातात फुले देतात. आई तिथे पदवीचे विचारेल. एमिट स्मिथ १९९० साली तिसऱ्या वर्षानंतर फ्लोरिडा सोडून गेला तेव्हा त्यानेही आईला शब्द दिला होता. मोसम संपला की तो दरवर्षी वर्गात जाऊन बसे, आणि १९९६ साली त्याने पदवी घेतली. तोवर त्याने तीन सुपर बोल जिंकले होते. आपल्याला इतका वेळ लावायचे कारण नाही. सराव सुरू होण्याआधी उरलेल्या विषयांची नोंदणी करून टाका, आणि सकाळचा तास घेऊ नका; सोमवारी सकाळी आपल्याला उठता येणार नाही.