ठाणे ते कोथरूड, व्हाया पलंगाखाली

ठाण्याहून पुण्याला मांजर आणायचं म्हणजे दीडेकशे किलोमीटरचा सरळ रस्ता, असा कोथरूडच्या त्या जोडप्याचा हिशेब होता. मांजराला कुणी विचारलं नव्हतं.

मनी पाच महिन्यांची. बंद दुकानाच्या शटरमागून सोडवलेली. पिल्लं माणसाळतात ती साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. हिचे ते दिवस शटरमागेच गेले. त्यामुळे माणूस दिसला की बाहुल्या मोठ्या होऊन डोळे काळे कुळकुळीत. सांभाळणाऱ्या ताईंनी लसीचं कार्ड दिलं, नसबंदीचा कागद दिला आणि वर एक कळकट चादर. "धुऊ नका हं, तिचा वास आहे चादरीला." तो सगळ्यांनाच आला.

निघण्याआधी काही तास खायला दिलं नव्हतं, पिंजऱ्यावर पंचा टाकला होता. तरी ऐरोलीपासून आतून जे आलाप सुरू झाले ते कळंबोली ओलांडून द्रुतगती मार्गावर आल्यावरही समेवर येईनात. भाताणच्या बोगद्यात ते एकदम थांबले.

"अरे, गप्प का झाली?"

"मी गाडी चालवतोय. तूच बघ."

बायकोने पंच्याचा कोपरा उचलला. मनी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात, कान आडवे पाडून, तिच्याकडेच बघत होती. पंचा खाली आला, आलाप पुन्हा सुरू झाले. खालापूरला दोघांनी वडापाव आळीपाळीने खाल्ला. उन्हात बंद गाडीची भट्टी होते, मांजराला एकटं ठेवता येत नाही.

घरी पिंजरा उघडल्यावर मनी पलंगाखाली गेली, ती दिसेचना.

सासूबाईंनी दूधभाताची वाटी आणली. डॉक्टर फोनवर म्हणाले, दूध नको. मोठ्या मांजरांना बहुधा ते पचत नाही. शिवाय मांजराला टॉरिन लागतं, ते मांसातून मिळतं. तीन पिढ्यांत त्या ओट्यावर अंडं फुटलं नव्हतं. शेवटी गॅलरीत वेगळी शेगडी मांडून कोंबडी उकडली गेली. सासूबाई दाराआडून "मीठ घालू नका गं" एवढंच म्हणाल्या, आणि तेही बरोबरच होतं.

हात घालून मनीला बाहेर ओढायचा मोह सगळ्यांना झाला. पण नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली निवाऱ्यात नव्याने आलेल्या १९ मांजरांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या १० मांजरांना लपायला खोकी दिली होती. ती बाकीच्यांपेक्षा लवकर निवांत झाली. म्हणजे लपणं हा रुसवा नसतो, मुक्काम असतो. सूनबाईंनी मिक्सरचं रिकामं खोकं आडवं करून पलंगाखाली सरकवलं.

नवऱ्याने दुसरा अभ्यास धरला: ससेक्स विद्यापीठाचा, २०२० चा. माणसाने डोळे सावकाश मिटून उघडले तर मांजरं तसंच उत्तर देतात आणि जवळ यायला जास्त तयार होतात. मग हा गृहस्थ रोज रात्री फरशीवर पालथा पडून पलंगाखालच्या अंधाराला डोळे मिचकावू लागला. सासूबाईंनी एकदा पाहिलं आणि काही न बोलता दार लोटून घेतलं.

अकराव्या रात्री पावणेदोनला ताटली सरकल्याचा आवाज आला. मनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून कोंबडी खात होती. सासूबाई पाण्याचा तांब्या हातात धरून चार हातांवर थिजल्या होत्या आणि सावकाश डोळे मिटत होत्या.

ठाणे ते कोथरूड: साडेचार तास. पलंग ते उंबरा, बारा फूट: अकरा दिवस.