नामपारखी

नाशिक शहरातील कोणत्याही बारशाला एक गृहस्थ हमखास हजर असतो. तो बाळाच्या आईकडचा आहे की वडिलांकडचा, हे शेवटपर्यंत कळत नाही. मात्र बाळाच्या नावाविषयीचे त्याचे मत पाळण्याच्या दोऱ्या सुटण्यापूर्वीच सर्वांना कळलेले असते. त्याला येथे 'नामपारखी' म्हटले आहे. सराफ बाजारातला पारखी निदान दागिना कसोटीवर घासून पाहतो. नामपारखी नाव कानावर पडताच निकाल देतो. तो बहुधा बँकेतून, वीज मंडळातून किंवा शाळेतून निवृत्त झालेला असून गंगापूर रोड, कॉलेज रोड अथवा इंदिरानगर येथे राहतो आणि सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आदल्या दिवशीच्या बारशाचा अहवाल सादर करतो. स्त्रियांमध्येही ही जात विपुल आहे, किंबहुना अधिक तयारीची आहे. परंतु पुरुष नामपारखी आपले मत शास्त्र म्हणून मांडतो, त्यामुळे अभ्यासाला तो अधिक सोयीचा पडतो.

बारसे, म्हणजे सोळा संस्कारांपैकी नामकरण, परंपरेने बाराव्या दिवशी होते; आता ते हॉल मिळेल त्या रविवारी होते. बाळाची आत्या पाळण्यात वाकून कानात 'कुर्रर्र' करते, जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात आणि त्याच वेळी फुग्यांच्या कमानीमागचा पडदा सरकून थर्माकोलची चार-पाच अक्षरे झळकतात. हातात घुगऱ्यांचा द्रोण घेतलेला नामपारखी (घुगऱ्या म्हणजे भिजवून शिजवलेले हरभरे) त्या क्षणी चावणे थांबवतो. "रे... काय? पुन्हा सांगा," असे तो म्हणतो. नाव त्याला नीट ऐकू आलेले असते. "रेयांश" असे उत्तर मिळाल्यावर तो "अर्थ काय हो?" असे विचारतो, अर्थ ऐकून थोडा वेळ छताकडे पाहतो आणि अखेरीस "छान आहे. वेगळं आहे," असे म्हणून पुन्हा घुगऱ्यांकडे वळतो. यातील 'वेगळं' या शब्दावर जो किंचित दाब पडतो, तो बाळाच्या आईला दूरवरच्या खुर्चीतही ऐकू जातो.

त्याच्या आक्षेपांत तथ्य नसते, असे मात्र म्हणता येणार नाही. शिवांश, देवांश, रुद्रांश ही नावे सरळ फोड होणारी आहेत. परंतु 'अंश' हे शेपूट एकदा लोकप्रिय झाल्यावर ते कोणत्याही अक्षराला जोडले जाऊ लागले, आणि रेयांशचा अर्थ एका घरी सूर्यकिरण तर दुसऱ्या घरी विष्णूचा अंश असा सांगितला जात असला, तरी त्याचा संधी सोडवून दाखवण्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. 'श्रेयांश' हे तर जैनांचे अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ यांच्या नावातल्या 'स'चा 'श' होऊन रूढ झालेले रूप आहे. कियान हे नाव संस्कृत म्हणून सांगितले जाते, पण त्याचे नाते इराणच्या प्राचीन कयानी राजांशी आहे. नामपारखी हे सारे भर पंगतीत सांगतो, आणि येथपर्यंत तो बरोबर असतो.

पंचाईत होते ती तो शास्त्राकडे वळल्यावर. पत्रिकेप्रमाणे नाव ठेवायचे, तर अवकहडा चक्र पाहावे लागते; या कोष्टकात सत्तावीस नक्षत्रांच्या प्रत्येकी चार चरणांना मिळून १०८ आद्याक्षरे नेमून दिलेली आहेत, आणि आर्द्रेच्या तिसऱ्या चरणावर जन्मलेल्या बाळाच्या वाट्याला 'ङ' येतो. यावर नामपारखीपाशी उपाय नसतो, गुरुजींपाशी असतो. पारस्कर गृह्यसूत्र, म्हणजे घरगुती संस्कारांचे नियम सांगणारा प्राचीन ग्रंथ, मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरी असावे, त्याचा आरंभ घोष वर्णाने (ग, ज, द, ब यांसारख्या नाद असलेल्या वर्णाने) व्हावा, आणि मुलीचे नाव विषम अक्षरी व आकारान्त असावे, असे सांगतो. या कसोटीवर रेयांश तीन अक्षरांमुळे नापास होतो, हे नामपारखी विजयी मुद्रेने दाखवून देतो. परंतु तो स्वतः ज्या पिढीत जन्मला, त्या पिढीच्या रिवाजाप्रमाणे त्याचे नाव सुरेश असते. तेही तीन अक्षरी, आणि आरंभीचा 'स' घोष नसल्यामुळे दुहेरी नापास. उलट जिच्यावर त्याचा सर्वांत जास्त राग, ती कियारा तीन अक्षरी आणि आकारान्त असल्याने या दोन अटींवर बिनबोभाट उत्तीर्ण होते, आणि तिच्या पाठोपाठ मायराही. मनुस्मृती तर नक्षत्रांची, वृक्षांची आणि नद्यांची नावे असलेल्या मुलींशी विवाह करू नये, असे बजावते. हा नियम पाळला असता, तर गोदाकाठच्या या गावात गंगा, गोदावरी, रोहिणी आणि रेवती यांची लग्ने रखडली असती, आणि खुद्द नामपारखीच्या आजीचेही, कारण तिचे नाव बहुधा गोदाबाई असते.

जुन्या नावांत अर्थ असे, हे त्याचे आवडते विधान. अर्थ असे, पण कसा? मुले जगत नसत म्हणून दगडू, धोंडू, केरू अशी नावे ठेवून दृष्ट चुकवली जाई. आणि मुलगी नको होती हे तिच्याच नावाने जाहीर करणारी 'नकुशा' इतकी रूढ होती, की २०११ साली सातारा जिल्ह्यात अडीचशेहून अधिक मुलींची नावे समारंभपूर्वक बदलावी लागली. त्या नावांचा अर्थ कोणालाही विचारावा लागत नव्हता.

त्याच्या मताविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा त्याच्याच घराण्याचा असून तो पंचवटीत आणि त्र्यंबकेश्वरी आहे. तेथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत, ज्यांना नामावळी म्हणतात, यात्रेकरू घराण्यांच्या पिढ्या लिहून ठेवलेल्या असतात. अशी वही उघडली, की आजोबांचे नाव नातवाला देण्याच्या प्रथेमुळे सखाराम त्र्यंबक, त्र्यंबक सखाराम, पुन्हा सखाराम त्र्यंबक अशी साखळी लागते, आणि ती जेथे तुटते तेथे सुरेश उभा असतो. त्याच्या बारशालाही कोणीतरी "वेगळं आहे" म्हटले असणार. शिवाय जुन्या साखळीतला सखारामही घरात सखाराम नसेच, कारण सासऱ्याचे नाव सुनेने उच्चारायचे नाही म्हणून त्याला बाळू किंवा नाना म्हणत. आजचा रेयांशही आजीच्या तोंडी गोटूच असतो आणि कियाराची तर आठवड्याभरात कैरी होते.

या शहरालाही नावांचे सोवळे कधी नव्हते. चार युगांत ते पद्मनगर, त्रिकंटक, जनस्थान आणि नासिक झाले असे परंपरा सांगते, मोगलाईत ते गुलशनाबाद होते. नामपारखी ज्यांचे नाव आदराने घेतो ते कुसुमाग्रज जन्मतः गजानन रंगनाथ शिरवाडकर. दत्तक गेल्यावर ते विष्णू वामन झाले, आणि कुसुम या बहिणीचे थोरले भाऊ म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले. एका माणसाच्या या तीन नावांबद्दल नामपारखीची तक्रार नाही.

त्याचे खरे दुखणे अर्थात नाही, व्याकरणात नाही. नाव ठरताना पूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना विचारले जाई. आता नाव फोनवर शोधले जाते, त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये अंकशास्त्रासाठी एक अक्षर वाढवले जाते आणि वडीलधाऱ्यांना ते थर्माकोलवर वाचायला मिळते. त्यातच १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी नोंदींत बाळाच्या नावामागोमाग आईचे नाव येते, त्यानंतर वडिलांचे आणि मग आडनाव. आजोबांना या रांगेत जागाच नाही. जन्माची नोंद मात्र नावाशिवायही करता येते आणि नाव बारा महिन्यांत विनाशुल्क, तर पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. तेव्हा ज्यांच्या घरी बारसे ठरले आहे, त्यांनी नामपारखीला आठवडाभर आधी फोन करून "काका, एखादं नाव सुचवा ना," एवढे विचारावे. तो दहा नावे सुचवील. मग रेयांशच ठेवावे.