स्थळ उत्तम, वय आडवं

आमच्या गल्लीत घर बघायला आलेल्या माणसाला आधी झाडं दाखवतात, मग फ्लॅट आणि सगळ्यात शेवटी भाव सांगतात. भाव ऐकल्यावर माणसाला सावलीत टेकावंसं वाटतं, म्हणून हा क्रम. प्रभात रस्त्याच्या आसपासचा हा भाग. कमला नेहरू पार्क चालत सात मिनिटं, लॉ कॉलेजच्या टेकडीची वाट पंधरा मिनिटं. पुढे धापा टाकायला लागतो तो वेळ जाहिरातीत धरलेला नसतो.

इथल्या प्रत्येकाचं झाडांवर प्रेम आहे. मात्र झाडाला पानं असावीत आणि ती पडू नयेत. फुलं यावीत, मुंग्या येऊ नयेत. पक्ष्यांनी गावं, पण पोट साफ करायला दुसऱ्या सोसायटीत जावं. थोडक्यात, शेजाऱ्याचं झाड, आपली खिडकी आणि मधे भिंत, ही आमची निसर्गाची व्याख्या.

आमच्या वाट्याला मात्र झाड थेट अंगणातच आलं. रायवळ आंबा. मूळ बंगल्याच्या मालकांनी पानशेतचं धरण फुटलं त्या पावसाळ्यात कोय पुरली, असं तळमजल्यावरचे आजोबा, म्हणजे त्यांचेच चिरंजीव, सांगतात. १२ जुलै १९६१. पुण्यात माणसाच्या जन्मतारखेत घोळ असू शकतो, पानशेतच्या तारखेत नाही. पुढे बंगला पडला, आमची तीन मजली इमारत उभी राहिली आणि आंबा पार्किंगमध्ये आला. इथून जवळच, फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, एक आंबा आहे. त्याला ‘विस्डम ट्री’ म्हणतात, त्याच्या सावलीत सिनेमे सुचले. आमच्या आंब्याच्या सावलीत आधी मारुती ८०० होती, आता एसयूव्ही आहे. शहाणपणाला जागाच उरली नाही.

मोहोर आला की तुडतुडे येतात आणि गाड्यांवर पाक सांडल्यासारखा चिकट थर बसतो. मग सोसायटीच्या ग्रुपवर फोटो येतात. पुढे कैऱ्या लागतात, तेव्हा फोटो येत नाहीत. तेव्हा पिशव्या येतात.

२०२३ साली बालभारती ते पौड फाटा रस्त्याच्या विरोधात वेताळ टेकडीसाठी मोर्चा निघाला, तेव्हा आमच्या इमारतीतले अकरा जण गेलो. चार गाड्यांतून. रस्ता नको, हे माझं तेव्हाही मत होतं, आजही आहे. लॉ कॉलेज रस्त्यावरची कोंडी टेकडी फोडून सुटायची नाही, कारण ती कोंडी म्हणजे आम्हीच. घोषणा देऊन घसा बसला. परत येतो तो बॉनेटवर कैरी पडून खळगा. त्या बसक्या घशानेच मी सेक्रेटरींना फोन केला की फांद्या छाटायचं जरा बघा.

ते बघता बघता पुनर्विकास आला. नव्या इमारतीचं नाव ‘आम्रकुंज’. नाव ठरल्यावर आंबा तोडायचा ठरलं, कारण तो बरोबर गाड्यांच्या उताराच्या तोंडाशी येत होता. आता कायदा आहे १९७५ चा, आणि २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. ५० वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड ‘हेरिटेज’ ठरतं, आणि झाड तोडलंच तर त्याचं वय जितकं, तितकी नवी झाडं लावायची. तेव्हापासून आमच्या भागातली झाडं लग्नाला उभी केल्यासारखी वय चोरायला लागली आहेत. स्थळ उत्तम, रंग हिरवा, फक्त वय आडवं येतं.

“अठ्ठावीस धरू या,” बिल्डरचा माणूस सभेत म्हणाला.

“अहो, माझा मुलगा त्याच्यावरून पडला होता. तो आता अठ्ठेचाळीसचा आहे,” तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. “पडण्याइतकं उंच होतं म्हणजे बघा!”

“काकू, ते आपलं घरातलं झालं. मी कागदावरचं बोलतोय.”

आजोबांनी पानशेत काढलं. त्यांना चहा देण्यात आला. मग घेरावरून वय काढायला टेप आली. घेर छातीच्या उंचीवर मोजतात. मोजणारे गृहस्थ शिडीवर चढले आणि त्यांनी टेप फांदीला लावली. छाती कुणाची हे कुठे लिहिलंय, असं त्यांचं म्हणणं असावं. आकडा अठ्ठावीसच्या जवळपास आला. सेक्रेटरींनी अभिनंदन केलं. कुणाचं, ते कळलं नाही.

पण अठ्ठावीस झाडं तरी लावणार कुठे? नव्या इमारतीखाली दोन मजले पार्किंग, म्हणजे जमीन अशी राहतच नाही. राहतो तो स्लॅब आणि त्यावर दोन फूट माती. त्यात आंबा उभा राहत नाही, ‘आम्रकुंज’ची पाटी तेवढी राहते. “टेकडीवर लावू की!” असं चार-पाच जण एकदम म्हणाले. टेकडी म्हणजे काळा पाषाण आणि वर वीतभर माती. मुळात गवताळ, मधूनमधून सालई, मेडशिंगी, पळस. मला झाडं कमी पडतात, असं ती कधी म्हणाली नव्हती. तरी हिरवी दिसावी म्हणून तिच्यावर मध्य अमेरिकेतलं गिरिपुष्प भरभरून लावून झालंय, आणि त्याच्या दाटीत तिचं स्वतःचं गवत गुदमरतंय. आता आमचे अठ्ठावीस खड्डे त्यात. ज्या टेकडीला वाचवायला आम्ही चार गाड्या घेऊन गेलो, तिच्याच डोक्यावर आमचं पार्किंग फेडायचं.

सभेत मी काय म्हणालो, असं विचाराल. मला नव्या घरात १३० चौरस फूट जास्त मिळणार आहेत. मी चहा बरा झालाय म्हणालो.

गेल्या आठवड्यात आंब्याला नोटीस लागली. चार खिळे ठोकून. ‘वृक्ष : आंबा. वय : २८. हरकत असल्यास लेखी कळवावी.’ त्या रात्री मी हरकत लिहिली, पानशेतच्या तारखेसकट. सही केली, घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी जिन्यात भेटले आणि म्हणाले, “तुमचं पार्किंग एकाऐवजी दोन करून घेतलंय बरं का.” तो शर्ट सध्या धुवायला टाकलाय.

मोहोर यंदा जोरात आहे. गाडी मी पुढच्या गल्लीत, दुसऱ्या सोसायटीच्या कडुलिंबाखाली लावतो. तिथे सावली चांगली आहे.