कुलूप शाबूत, दावा नामंजूर

विमा कंपनीला चोराचं वावडं नाही. तिला फक्त दांडगा चोर लागतो. कडी उचकटणारा, गज कापणारा, निदान जाता जाता एखादी काच फोडणारा. आमच्या नशिबी आला तो सभ्य गृहस्थ.

चंदीगडच्या सेक्टर 43 मध्ये जिल्हा न्यायालय आहे आणि बस अड्डाही, त्यामुळे वकील आणि प्रवासी यांची वर्दळ कायमची. नाशिकचं लग्न उरकून, दिल्लीहून बसने आम्ही तिथे उतरलो. घराचं कुलूप नेहमीच्याच किल्लीने, नेहमीसारखंच कुरकुरत उघडलं. आत कपाटातल्या साड्या घडीसकट जागेवर. पाटल्या मात्र गेल्या होत्या आणि देवघरातलं चांदीचं तबकही. तबकातलं हळदकुंकू त्याने वाटीत काढून ठेवलं होतं. सांडलं नव्हतं चिमूटभरही.

"इतकी आवराआवर तुम्ही तरी करता का कधी?" ही म्हणाली. शेजारचे सरदारजी डोकावून म्हणाले, "चोर तां बड़ा शरीफ निकलेया जी!" हेच प्रशस्तिपत्र पुढे नडलं.

कंपनीचा सर्व्हेअर आला. त्याने मोबाइलची बॅटरी लावून कुलपाचं भोक पाहिलं, चौकटीवरून बोट फिरवलं, कडीचे स्क्रू हलवून बघितले. "एक खरोंच तक नहीं, सर," तो म्हणाला. आवाजात खरी हळहळ होती. हिने हातोडीबद्दल विचारलं, पण फोटो काढून झाले होते.

पॉलिसीत लिहिलेलं असतं की प्रवेश बळजबरीने आणि हिंसक रीतीने झालेला हवा. येताना जमलं नाही तर बाहेर पडताना केलेली तोडफोडही चालते, एवढी सवलत चोराला आहे. आमच्या पाहुण्याने तीही घेतली नाही.

गंमत अशी की फौजदारी कायदा याबाबत बराच उदार. 1860 च्या दंडसंहितेत, कलम 445 खाली, एक उदाहरणच दिलं होतं: घरमालकाची हरवलेली किल्ली एखाद्याला सापडली आणि तिने दार उघडून तो आत शिरला, तर ती घरफोडीच. म्हणजे तोच इसम ठाण्यात घरफोड्या आणि कंपनीच्या दप्तरात नुसता येऊन गेलेला.

मी कोर्टाची भाषा करणार होतो, न्यायालय शेजारीच असल्यामुळे. एका वकिलाने चहा पिता पिता माझा उत्साह उतरवला. 2004 साली हरचंद राय चंदन लाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलंय की दंडसंहिता काहीही म्हणो, पॉलिसीत जी व्याख्या तीच खरी. बळ किंवा हिंसा नसेल तर पैसे नाहीत. त्याच निकालात न्यायालयाने असंही सुचवलं होतं की ही अट सामान्य माणसाला कळणारी नाही, कंपन्यांनी ती सुधारावी. 2016 मध्ये ओडिशातल्या एका गुंतवणूक महामंडळाचा दावा त्याच अटीवर फेटाळला गेला. सुधारणेची घाई कुणाला नव्हती, असं दिसतं.

मग 2021 पासून आलेली 'भारत गृह रक्षा' पॉलिसी वाचली. तिच्या मूळ संरक्षणात चोरी आहे, पण ती आग, पूर, भूकंप असल्या विमाकृत घटनेमुळे आणि त्यानंतर 7 दिवसांच्या आत झालेली हवी. त्या घटनांच्या यादीत क्षेपणास्त्र चाचणीही आहे. हिला वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "म्हणजे आधी क्षेपणास्त्र, मग पाटल्या."

अशा वेळी शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तला शर्विलक आठवतो. चारुदत्ताच्या भिंतीला भगदाड पाडण्याआधी ते कमळासारखं हवं की चंद्रकोरीसारखं, याचा तो विचार करतो, आणि चारुदत्तही त्या भगदाडाला दाद देतो. त्या घराचा दावा कुठल्याही सर्व्हेअरने हसत हसत मंजूर केला असता.

तुमची पॉलिसी आजच बाहेर काढा. 'घरफोडी'च्या शेजारी साधी 'चोरी'ही लिहिली आहे का बघा. नसेल तर नूतनीकरणाआधी लेखी विचारा. तरीही दावा नाकारला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि मग वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही. चंदीगडकरांसाठी ते कार्यालय सेक्टर 17 मध्ये आहे. 43 वरून बस मिळते.